गाजरगवताची ओळख

पावसाळ्याच्या आरंभी दोन-चार सरी पडून गेल्या की, रस्त्यांच्या कडा, रेल्वेमार्गालगतची जमीन, शाळेमागील मोकळी जागा आणि शेतांचे बांध हिरवेगार दिसू लागतात. लांबून पाहणाऱ्यास ती सारी हिरवळ सारखीच भासते. परंतु जवळ जाऊन निरखून पाहिले म्हणजे तीत अनेक निरनिराळ्या वनस्पती असल्याचे ध्यानात येते. कोणी गुरांचा चारा असते, कोणी रानभाजी, तर कोणी औषधी वनस्पती. त्यांच्यामध्येच, जमिनीला चिकटून, एक परदेशी वनस्पती हळूहळू आपले बस्तान बसवीत असते. तिचे नाव गाजरगवत.

हे नावच प्रथम फसविणारे आहे. गाजरगवत हे गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे! गवताची पाने लांब व अरुंद असून त्यांतील शिरा एकमेकींना समांतर असतात. त्याच्या खोडावर पेरी असतात. गाजरगवताचे पान खोलवर चिरलेले असून त्यात शिरांचे जाळे असते. पान गाजराच्या पानासारखे दिसते, एवढेच काय ते गाजराशी साम्य. वास्तविक ही वनस्पती सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुळातील आहे.

तिचे मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात, मेक्सिकोच्या आखाताभोवती आणि कॅरिबियन समुद्रातील बेटांवर आहे. स्वीडनचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' हे शास्त्रीय नाव दिले. मायदेशीही ती रस्त्याच्या कडेला व पडीत जमिनीत उगवते. परंतु तेथे तिची पाने कुरतडणारे भुंगेरे आणि खोडात गाठी निर्माण करणाऱ्या अळ्या आहेत. त्यांच्यामुळे तिच्या वाढीला आळा बसतो. भारतात मात्र असे शत्रू तिला भेटले नाहीत. १९५५ च्या सुमारास पुणे येथे ती वाढत असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी येथे आले असावे, असे मानले जाते. पुढे काही दशकांतच ती देशाच्या बहुतेक भागांत पसरली.

ही वनस्पती ओळखण्यासाठी तिच्या वाढीच्या दोन अवस्था ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिल्या अवस्थेत खोड जवळजवळ दिसतच नाही. फिकट हिरवी, चिरलेली, मऊ लव असलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात व आपल्याखाली इतर रोपांना वाव देत नाहीत. दुसऱ्या अवस्थेत मधूनच एक ताठ खोड वर येते. त्यावर उभ्या रेषा असतात. वरच्या बाजूस त्याला पुष्कळ फांद्या फुटतात आणि झाड सुमारे एक मीटर किंवा त्याहूनही उंच होते. फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. प्रत्येक फूल जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्या कडेला पाच टोके दिसतात. या चांदणीसारख्या फुलांमुळेच काही ठिकाणी या वनस्पतीस 'चटकचांदणी' असे म्हणतात. जे एक फूल भासते, तो खरोखर अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. त्यांपैकी कडेच्या पाचांनाच बी धरते.

कोवळे रोप ओळखताना चूक होण्याचा संभव अधिक असतो. झेंडूचे पानही चिरलेले असते. पण ते किंचित चुरगळताच त्याचा उग्र वास येतो. दवण्याची पाने रुपेरी झाक असलेली व सुगंधी असतात. गाजराला जमिनीखाली मांसल मूळ असते आणि ते फुलले, तर त्याची फुले उघडलेल्या छत्रीप्रमाणे मांडलेली दिसतात. मात्र ज्या रोपाविषयी शंका आहे, त्याचे पान हाताने चुरगळून पाहू नये. गाजरगवताच्या अंगी 'पार्थेनिन' नावाचे द्रव्य असते. त्याच्या वारंवार स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ उठते व कातडी जाड होते. त्याच्या परागांमुळे काहींना शिंका येतात, तर काहींना दम्याचा त्रास होतो. दुभत्या जनावरांनी ते खाल्ले, तर दुधाला कडवटपणा येतो.

म्हणूनच ही ओळख वेळेवर पटणे महत्त्वाचे आहे. उगवल्यापासून सुमारे चार ते सहा आठवड्यांत हे झाड फुलू लागते. एका फुलात बिया पाचच असल्या, तरी झाडावर फुले हजारो असतात. त्यामुळे चांगले वाढलेले एक झाड पंधरा हजार बियांनाही जन्म देऊ शकते. त्या हलक्या बिया वाऱ्याने, पाण्याने, गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलाने दूरवर जातात. फुलापूर्वी उपटलेले एक रोप म्हणजे पुढील वर्षीची हजारो रोपे टळली, असे समजावे. जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मोठ्या माणसांनी ते मुळासकट उपटावे. नुसते वरून कापल्यास ते पुन्हा फुटते.

शास्त्रज्ञांनी या कामी एक लहानसा मदतनीसही शोधला. १९८३ मध्ये मेक्सिकोतील एक भुंगेरा बंगळूर येथे आणण्यात आला. तो इतर पिकांना उपद्रव देत नाही ना, याची परीक्षा करून पुढे त्याला मोकळे सोडण्यात आले. तो आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतात. परंतु एकट्या भुंगेऱ्याच्या बळावर हे काम पुरे होत नाही. शेताच्या बांधावरून रोज शाळेला जाणाऱ्या मुलाने जमिनीवरचे ते हिरवे चक्र वेळीच ओळखून घरच्यांना दाखविले, तर फुले येण्यापूर्वीच ते उपटून टाकता येते.

स्वाध्याय

१. 'गाजरगवत' हे नाव फसविणारे का आहे?
२. गाजरगवत मायदेशी आटोक्यात का राहते?
३. आपल्या परिसरातील एखादी वनस्पती पाहून तिचे पान, खोड व फूल यांचे वर्णन करा.