परदेशी जहाजावरची मुलाखत : बंदीच्या दिवसांत करायची तयारी



१ जूनला बोटी जेटीला लागल्या, आता ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. याच दिवसांत आपली बरीच पोरं परदेशी जहाजावर डेकच्या नोकरीसाठी मुंबईला मुलाखतीला जातात. गेल्या वर्षी जे पाहिलं त्यावरून हे लिहितोय.

आपल्यातला एक मुलगा, लहानपणापासून बापाबरोबर ट्रॉलरवर. कोर्स सगळे झालेले. त्याला विचारलं, "माणूस पाण्यात पडला तर काय करशील?" तो पटकन म्हणाला, "उडी मारीन." आपल्या होडीवर आपण तेच करतो. पण दीडशे-दोनशे मीटरचं जहाज इंजिन बंद केलं तरी बरंच पुढे जातं, आणि मग शोधायची माणसं दोन होतात. उत्तर असं हवं होतं : "मॅन ओव्हरबोर्ड" असं ओरडून कुठल्या बाजूला पडला ते सांगायचं, लाइफबॉय फेकायचा, ब्रिजला कळवायचं, आणि त्याच्याकडे हात रोखून नजर अजिबात हलवायची नाही. कोर्समध्ये हे शिकवलेलं. घाईत तोंडातून होडीवरची सवय बाहेर आली. म्हणून उत्तरं नुसती वाचू नका, घरात कोणाला तरी विचारायला लावून मोठ्याने बोला.

दिव्यांचा प्रश्न हमखास येतो. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. ट्रॉलिंग करणाऱ्या बोटीला वर हिरवा, खाली पांढरा. इतर मासेमारीला वर लाल, खाली पांढरा. हे आपल्याला तोंडपाठ हवं. (आपल्या किती बोटींवर हे दिवे नीट पेटतात, ते मालकांनी आपल्या मनाला विचारावं.) सुकाणूवर "पोर्ट टेन" हुकूम आला की आधी तेच शब्द परत म्हणायचे, मग चाक फिरवायचं. बोलाइनची गाठ मारून दाखवायला सांगतात. इंग्रजी प्रश्न कळला नाही तर "प्लीज रिपीट, सर" म्हणा, अंदाजाने "येस" नको.

पासपोर्ट, सीडीसी, इंडोस नंबर, एसटीसीडब्ल्यूची सर्टिफिकेटं आणि मेडिकल एका फायलीत ठेवा.

आता पैशांचं. जहाजावर लावून देतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. एमएलसी २००६ हा करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारलाय. कंपनीचा आरपीएसएल परवाना डीजी शिपिंगच्या साइटवर तपासा. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो" म्हणणाऱ्याकडे बायकोचे दागिने मोडून पैसे भरू नका. हे आपल्या वाड्यावर घडलेलं आहे. सही करण्याआधी करारात पगार, मुदत, २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि परतीचा खर्च कोणाचा, हे वाचा.

मालकांना विनंती : पोरगा सोडून चालला म्हणून अनुभवाचं पत्र अडवू नका.

रविवारी संध्याकाळी ४ वाजता सोसायटीच्या खोलीत आम्ही सराव घेतो. येताना एक वाव दोरी आणा.