घरचा उपचार : सामर्थ्य आणि सीमा

कुटुंबाच्या आरोग्याचा विषय निघाला, की आपले लक्ष प्रथम औषधाकडे जाते. वस्तुतः आरोग्य दवाखान्यात फार थोडे घडते. ते घडते पाण्याच्या माठापाशी, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, जेवणाच्या ताटात आणि वेळेवर घेतलेल्या झोपेत. म्हणूनच घरगुती व नैसर्गिक उपायांविषयी आम्हांला आदर आहे. मात्र त्या उपायांचे सामर्थ्य जितके जाणावे, तितकीच त्यांची सीमाही जाणावी, असे आम्हांला वाटते. या दोन्ही गोष्टींचा येथे थोडक्यात विचार करू.

बुद्धकालीन वैद्य जीवक याची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. तक्षशिलेत सात वर्षे अध्ययन केल्यावर गुरूने त्याला योजनभर परिसर धुंडाळून औषधी गुण नसलेली वनस्पती आणावयास सांगितली आणि जीवक रिकाम्या हातांनी परतला. या कथेतून आपण एवढाच बोध घेतो, की प्रत्येक झाडपाल्यात औषध आहे. परंतु हे उत्तर देणारा विद्यार्थी सात वर्षे शिकलेला होता, ही गोष्ट आपण विसरतो. पुढे याच जीवकाने एका श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया केल्याचे वर्णन विनयपिटकात आहे. वनस्पतीचा गुण ठाऊक असणे ही एक विद्या आणि समोरच्या रुग्णाचा रोग ओळखणे ही दुसरी विद्या. जीवकापाशी दोन्ही होत्या.

साध्या उपायाचे सामर्थ्य किती मोठे असते, याचे उदाहरण १९७१ सालातील आहे. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. नातेवाइकांनीच ते पाणी पेल्याने पाजले आणि असंख्य प्राण वाचले. साखरेच्या सोबतीने मीठ व पाणी आतड्यात शोषले जाते, हे त्यामागील शास्त्र होय.

हा उपाय प्रत्येक घरात ठाऊक असलाच पाहिजे. जुलाब होऊ लागताच दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारी जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. हे पाणी घोटघोट पाजत राहावे, अंगावरचे दूध वा नेहमीचे अन्न बंद करू नये, भाताची पेज द्यावी. परंतु मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाजलेले सारे उलटून पडू लागले, तर घरचा उपाय तेथे संपला असे समजावे आणि पाणी पाजीतच रुग्णालय गाठावे.

आहाराच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. आपल्या मुली व स्त्रिया यांच्यात रक्ताची कमतरता फार आढळते. पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, तीळ यांतून लोह मिळते. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास ते शरीरात अधिक मुरते. जेवणाबरोबर वा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र त्याला अडवतो. चहा तासाभराने घेतला, तर एक पैसाही खर्च न होता लाभ होतो. नाचणीच्या भाकरीतून कॅल्शियम भरपूर मिळते. आपल्या आजीच्या ताटात या गोष्टी होत्या. आज बिस्किटांच्या पुड्यांनी त्यांची जागा घेतली आहे, याचा पालकांनी विचार करावा.

तथापि प्रत्येक फिकट चेहऱ्याचे कारण लोहाची कमतरता हेच नसते. विदर्भातील आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. वारंवार सांधे दुखणे, डोळे पिवळे दिसणे, पोरसवदा वयात सतत थकवा येणे ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा मुलाला बीट, गूळ-शेंगदाणे किंवा कोणाच्या सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या देत वर्षे घालवू नयेत. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देणे अपायकारकही ठरू शकते. या विकारात घरच्या काळजीला मोठे स्थान आहे : भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, पुरेशी विश्रांती. पण ती काळजी निदानानंतरची आणि वैद्यकीय उपचारांच्या जोडीची असावी. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक जुळविण्यापूर्वी दोन्हीकडच्यांनी रक्त तपासून घेणे यात कोणताही कमीपणा नाही. आजार लपविण्यात मात्र पुढच्या पिढीचे नुकसान आहे.

काही रूढ उपाय तर सोडूनच दिले पाहिजेत. कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट वा चुना भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. पोट फुगलेल्या तान्ह्याला डागणे किंवा बिब्बा घालणे ही निव्वळ इजा आहे. साप चावल्यावर मांत्रिकाकडे घालविलेला वेळ जिवावर बेतू शकतो. ‘नैसर्गिक’ म्हटले, की ते निरुपद्रवीच असते, ही समजूत घातक आहे.

सर्दीला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मोठ्यांच्या खोकल्याला आले-मध, दमल्या शरीराला गाढ झोप, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात हे सारे आपले आहे आणि ते अवश्य जपावे. ज्या घरात हे रोज पाळले जाते आणि धोक्याची खूण दिसताच विलंब न लावता दवाखान्याची वाट धरली जाते, ते घर खऱ्या अर्थाने आरोग्यसंपन्न होय. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी आज अनेक जण आई-वडील झाले आहेत. त्यांनी जलसंजीवनीचे प्रमाण घरातील प्रत्येकाला शिकवावे आणि आपल्या कुटुंबाची सिकलसेल तपासणी करून घ्यावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.