लेकीची लस आणि आईची तपासणी

गेल्या वर्षावासात ग्रंथवाचन आटोपल्यावर विहारात बसलेल्या भगिनींपैकी एकीने विचारले, "लेकीला पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस टोचली. माझ्याही अंगावर पांढरं जातं. तीच लस मी घेतली तर बरं वाटेल का?" प्रश्न साधा, पण उत्तर चुकले तर गाठ जिवाशी आहे. म्हणून आम्ही जे वाचले व डॉक्टरांकडून समजून घेतले, ते सभासद आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

रोगाचे मूळ : गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक स्त्रियांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत घालवून देते. थोड्यांच्या बाबतीत तो ठाण मांडतो आणि पुष्कळ वर्षांनी कर्करोग होतो. हा कोणाच्या पापाचा भोग नव्हे, लपवण्याची गोष्टही नव्हे.

दोन प्रकारच्या लसी : मुलींना देतात ती प्रतिबंधक लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची अशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती विषाणूला दारातच अडवते. म्हणून ९ ते १४ या वयात ती उत्तम. परंतु घरात शिरलेल्या विषाणूला ती हुसकून लावीत नाही.

त्यासाठी उपचारक लसीचा शोध चालू आहे. बिघडलेल्या पेशींत विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने असतात. ती ओळखून त्या पेशी मारण्यास टी पेशींना शिकवणे, हे या लसीचे काम. अडचण निराळीच आहे. बँकेच्या मुख्य कचेरीत रोकड भरपूर, पण गावच्या शाखेत पोहोचलीच नाही, तर खातेदाराला काय उपयोग? तसेच रक्तात टी पेशी वाढून भागत नाही. त्या गर्भाशयमुखाशी पोहोचल्या पाहिजेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ साली १२ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. लस दंडात टोचली होती. रक्तात फारसा फरक दिसला नाही, पण आजारी जागी टी पेशी वाढलेल्या आढळल्या. इमिक्विमॉड हे मलम त्याच जागी लावून पेशींना तेथे बोलावण्याचेही प्रयोग झाले. आशा मोठी आहे. मात्र या कर्करोगावरची अशी लस अजून दवाखान्यात मिळत नाही.

मग आईने काय करावे? वाट पाहू नये, तपासणी करावी. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी एकदाच मिळाली, त्यात या रोगाचे ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला तपासणी दिली नव्हती, त्यात ६४. त्या दुसऱ्या गटातील भगिनींना वंचित ठेवले, अशी टीका पुढे झाली. तीही आपण विसरू नये.

तपासणीस काही मिनिटे लागतात. कर्करोगापूर्वीचा बिघाड सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो. पुष्कळदा दवाखान्यात मुक्कामही पडत नाही. पांढरे जाणे दरवेळी कर्करोग नसतो. पण दुर्गंधी, पाळी नसताना वा संबंधानंतर रक्त, पाळी थांबल्यावर पुन्हा अंगावर जाणे, यांपैकी काहीही असल्यास सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, जे जवळ असेल तेथे ताबडतोब जावे. त्रास नसला तरी तिशीनंतर तपासणी करावीच. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे ती चुकवू नये.

त्या भगिनीला आम्ही हेच सांगितले. पुढच्याच आठवड्यात ती मिरजेला जाऊन आली आणि येताना जावेचीही तपासणी करवून आली. प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील एका स्त्रीला असे सोबत न्यावे, एवढीच विनंती.