कागदी नमुना आणि घरचा झगा

कपडा बेतणे आणि कपडा शिवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. सरळ टीप घालणे थोड्याशा सरावाने कोणासही साधते. परंतु सपाट कापडातून अंगाच्या गोलाईवर बसतील असे तुकडे काढण्याची विद्या दीर्घकाळ शिंप्यांच्याच हाती राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत शिवणयंत्राचा प्रसार होऊ लागला. आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले. यंत्रामुळे शिलाईचा वेग वाढला. बेतण्याची अडचण मात्र होती तशीच राहिली. ती दूर केली ती कागदी नमुन्याने.

असे नमुने न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट आधीपासून विकत असत. परंतु मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग या गावच्या एबेनेझर ब्युटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये एकाच कपड्याचे क्रमवार वाढत्या मापांचे नमुने विक्रीस आणले. आरंभी ते पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांचे होते. १८६६ पासून स्त्रियांच्या पोशाखांचे नमुनेही निघू लागले. पातळ कागदाच्या त्या तुकड्यांवर छपाई नसे. कोठे चिमटा घ्यावयाचा, कोणती कड कोणत्या कडेस जोडावयाची, हे बारीक छिद्रांवरून व खाचांवरून ओळखावे लागे. छापील रेघांचे नमुने १९२० च्या सुमारास आले. अशा रीतीने शिंप्याची बेतण्याची विद्या एका पाकिटात मावू लागली आणि ज्या घरात यंत्र व कात्री होती, त्या घरापर्यंत ती पोहोचली.

नमुना कोणाच्या अंगाचा?

या सोयीबरोबर एक गैरसमजही घरोघरी शिरला. पाकिटावरील चित्र पाहून शिवणारी समजते की, नमुना बरहुकूम कापला व शिवला की झगा अंगावर बसणारच. तो न बसल्यास दोष आपल्या हाताचा किंवा आपल्या अंगाचा, अशी तिची समजूत होते. वस्तुतः नमुना ज्या अंगासाठी आखलेला असतो, ते अंग कागदावरचे, सरासरीने ठरविलेले असते.

ही सरासरी कशी ठरते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकी कृषिखात्याच्या गृहविज्ञान विभागाने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांचा त्यासंबंधीचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्षांसाठी केवळ गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरण्यात आली होती. पुढे मुख्यतः या मापांच्या आधारे तयार कपड्यांसाठी १९५८ मध्ये एक प्रमाण ठरले. ते १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. केवळ छातीचे माप सांगितल्याने कंबरेचे वा खांद्याचे माप कळत नाही, हा अनुभव मापे घेणाऱ्यांना येतो, तसाच तो शिवणाऱ्यांनाही येतो.

क्रमांकांचीही अशीच गत आहे. १९६८ च्या लगेच आधीच्या अमेरिकी नमुन्यांत १२ क्रमांक म्हणजे छाती ३२ इंच. त्या वर्षापासून तोच क्रमांक छाती ३४ व नितंब ३६ इंच असा झाला. तयार कपड्यांचे क्रमांक मात्र पुढे आणखी सैलावत गेले. त्यामुळे दुकानात ८ क्रमांकाचा झगा घेणाऱ्या स्त्रीला नमुना १२ किंवा १४ क्रमांकाचा लागतो. तेव्हा दुकानातला क्रमांक विसरून मापपट्टीवरच विश्वास ठेवावा.

माप घेणे आणि नमुना निवडणे

आरंभासाठी बिनबाह्यांचा, कंबरेत न जोडलेला आणि खाली घेर वाढत जाणारा झगा निवडावा. त्याचे मुख्य तुकडे तीनच: पुढचा एक व पाठीचे दोन. त्यांना गळ्याच्या व मुंढ्यांच्या आतल्या पट्ट्यांची जोड असते.

मापे चार घ्यावीत: काखेखालून छातीच्या वर, छातीच्या सर्वांत उंच भागावरून, कंबरेत आणि नितंबांवर. यांपैकी पहिल्या मापाकडे सहसा दुर्लक्ष होते, पण खांदे व गळा यांचा अंदाज त्यावरूनच येतो. अमेरिकेतील नेहमीचे नमुने छातीवरचे माप व पूर्ण छातीचे माप यांत २ इंचांचा फरक धरून आखलेले असतात.

समजा, एखाद्या स्त्रीची ही मापे अनुक्रमे ३४, ३८, ३० व ४० इंच आहेत. तक्त्यात १६ क्रमांकासमोर ३८, ३०, ४० हेच आकडे दिसतील. परंतु तिच्या दोन छातीमापांत ४ इंचांचा फरक आहे. १६ क्रमांक घेतल्यास छाती बसेल. पण खांदे ओघळतील व गळा फाकेल. खांद्यांना योग्य असा तिचा नमुना १४ क्रमांकाचा, म्हणजे ३६ इंच छातीचा होय. पुढच्या भागात २ इंच कमी पडतील, ते तेथेच वाढवावेत. पुढचा तुकडा घडीवर कापावयाचा असल्याने कागदावर ही वाढ १ इंचाची होते. नमुना छातीच्या टोकापासून चिरून पसरला की बाजूचा चिमटाही मोठा होतो आणि वाढलेली रुंदी खाली घेरापर्यंत जाते. म्हणून कंबर व नितंब यांसाठी बाजूच्या शिलाईत आणखी भर घालण्यापूर्वी कागद पुन्हा मापून पाहावा. पुष्कळदा ती भर घालण्याची गरजच उरत नाही.

कागद मापताना सैलीचाही हिशेब धरावा. अंगासरशा झग्यास छातीत अंगाच्या मापापेक्षा सुमारे ३ ते ४ इंच अधिक लागतात. तयार कपड्याची मापे बहुधा नमुन्यावरच छापलेली असतात. शिलाईची माया अमेरिकी नमुन्यांत सामान्यतः दीड सेंटिमीटर असते. जर्मनीच्या बुर्डा मासिकातील नमुन्यांत मात्र ती परंपरेने धरलेली नसते. ती आपण सोडावी लागते.

मांजरपाटाची चाचणी

चांगल्या कापडास कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा कच्चा झगा मोठ्या टाक्यांनी जोडून अंगावर घालावा. यात एक दिवस जातो, पण कापड वाचते. आरशापुढे ताठ न होता नेहमीसारखे उभे राहावे. ताणाच्या रेघा ज्या जागेकडे रोखलेल्या दिसतील, तेथे कापड कमी पडले आहे असे समजावे. सैल उभ्या वळ्या पडल्यास तेथे रुंदी अधिक आहे. बाजूची शिलाई जमिनीशी काटकोनात नसेल, तर पुढचा व पाठीचा भाग यांचा तोल चुकला आहे. प्रत्येक दोषाची दुरुस्ती टाचणीने तेथल्या तेथे करून मग ती कागदावर उतरवावी. झग्यावर केलेली आणि कागदावर न उतरवलेली दुरुस्ती पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही.

बेतणे व शिवणे

सुती कापड प्रथम धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. आटावयाचे ते आधीच आटते. नमुन्यावरील बाणाची रेघ कापडाच्या काठाशी समांतर हवी. बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचे अंतर मापून ते सारखे करावे. नुसत्या नजरेने लावलेला तुकडा तिरका पडला, तर झगा घातल्यावर पिळल्यासारखा दिसतो आणि हा दोष नंतर कशानेही निघत नाही. खाचा आत न कापता बाहेरच्या बाजूस टोक ठेवून कापाव्यात, म्हणजे माया कमकुवत होत नाही.

शिवताना गळा व मुंढे यांच्या वळणांवर, शिलाईच्या रेघेच्या किंचित बाहेर, मायेतच एक टीप आधी घालावी. त्यामुळे हाताळताना ती वळणे ताणली जात नाहीत. मग चिमटे घ्यावेत. चिमट्याची शिलाई रुंद बाजूकडून टोकाकडे न्यावी आणि टोकाशी उलट टीप न घालता दोऱ्यांची गाठ मारावी. त्यानंतर पाठीची झिप, खांदे, गळ्याची पट्टी आणि बाजू असा क्रम ठेवता येतो. तथापि मुंढ्यांच्या पट्टीच्या पद्धतीप्रमाणे तो बदलतो, म्हणून नमुन्यासोबतचा सूचनापत्रक आधी पूर्ण वाचावा. वळणावरील मायेस बारीक चिरा दिल्याशिवाय पट्टी आत सपाट वळत नाही. प्रत्येक शिलाई दुसऱ्या शिलाईने ओलांडण्यापूर्वी इस्त्रीने दाबावी. इस्त्री सरकवू नये, उचलून ठेवावी. खालची दुमड घालण्याआधी झगा एक रात्र टांगून ठेवावा. घेराचा तिरका भाग स्वतःच्या वजनाने थोडा खाली उतरतो. तो उतरल्यावर जमिनीपासून माप घेऊन कड सारखी करावी.

पहिल्या झग्यास या रीतीने बराच वेळ लागतो. परंतु त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू तयार होते, ती म्हणजे दुरुस्त केलेला नमुना. तो पातळ कागदावरून जाड कागदावर उतरवून घ्यावा आणि त्यावर तारीख व मापे लिहावीत. पाकिटातून निघालेला नमुना कोणा एका कल्पित स्त्रीचा होता. हा शिवणारीच्या स्वतःच्या अंगाचा आहे. पुढचा झगा बेतताना तिला सरासरीशी पुन्हा झगडावे लागणार नाही.