दोरीवरचं बोट

डॅलसहून पूर्वेला दीडेक तास गाडी हाकली की लेक फोर्क हा तलाव लागतो. १९८० साली इथे पाणी अडवलं, तेव्हा बरंचसं जंगल न तोडता तसंच बुडू दिलं. त्या मेलेल्या झाडांच्या बुंध्यांशी लार्जमाउथ बास हा मासा दबा धरून असतो. तिथे जिग नावाचं आमिष टाकता टाकता जे उमगलं, ते हे.

१. जिगचं निम्मं काम तो बुडतानाच होतं. शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्यात गळ, भोवती रबरी धाग्यांची झालर, मागे मऊ प्लास्टिकच्या नांग्या. बासला तो तळाशी सरपटणारा क्रॉफिश वाटतो. पण तळ गाठायच्या आतच कितीदा तरी मासा त्याला उचलतो. म्हणून जिग पाण्यात पडल्यापासून मी दुसरीकडे बघत नाही.

२. बास चावत नाही, ओढून घेतो. तोंड एकदम उघडलं की पाणी आत धावतं आणि त्यासोबत जिगही. आवडलं नाही तर तितक्याच वेगाने थुंकून टाकतो. मला वाटायचं, एवढा दांडगा मासा, हिसका जोरदारच असणार. कधीकधी असतोही. पण बऱ्याचदा हाताला काहीच लागत नाही. दोरी जराशी बाजूला सरकते, किंवा दहा फूट खोल जायची ती चारावरच थांबते, किंवा टोकाचं वजनच नाहीसं होतं. ते नाहीसं होणं म्हणजे मासा! नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं बोट दोरीवर ठेवावं लागतं. एरवी माझं मन सतत कुठेतरी पळत असतं. इतकं एकाग्र ते दुसऱ्या कशानेही केलेलं नाही.

३. अडचणीच्या जागा टाळू नयेत. जिगच्या काट्यापुढे राठ केसांचा झुपका असतो, तो फांदीत अडकण्यापासून बराचसा वाचवतो. बाकीची आमिषं जिथे न्यायला जीव धजत नाही, तिथे जिग जातो. काही जिग हरवतातच.

४. थंडीत हात आवरणं सगळ्यांत कठीण. गार पाण्यात बासची भूक आणि चाल दोन्ही मंदावतात. जिग तळाशी नुसता पडू द्यायचा, मग वीतभर सरकवायचा, पुन्हा थांबायचं. तरीही जिग म्हणजे सर्वस्व नव्हे. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२च्या जानेवारीत याच तलावात लागला, आणि तो जिवंत छोट्या माशाच्या आमिषाला.

५. मासा सोडून देणं मला शिकावं लागलं. मी मालवणकडचा, आमच्या घरी मासा आला म्हणजे आधी वाटणाची तयारी. इथे १६ ते २४ इंचांदरम्यानचा बास पाण्यात परत सोडावाच लागतो, म्हणजे तो आणखी मोठा होऊ शकतो. आधी ते जिवावर यायचं. आता ओल्या हातांनी धरून, पोटाला आधार देऊन त्याला पाण्यात सोडताना मला मनापासून बरं वाटतं. १३ पौंडांवरचा मासा हिवाळ्याच्या अखेरीस मिळाला, तर तो पैदाशीसाठी अथेन्स गावच्या सरकारी मत्स्यकेंद्राला देता येतो. असे मासे पैदाशीसाठी देण्याची ही योजना १९८६पासून चालू आहे. तेवढा मासा अजून माझ्या गळाला लागलेला नाही, पण केंद्राचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवलाय.