खाजन शेतीचे बांध आणि मानस

आमच्या महाजन व कुळावी मंडळींपैकीं पुष्कळांचीं घरें आतां मुंबईस, बेळगांवास वा त्याहूनही दूर आहेत. तथापि गांवच्या जमिनींत त्यांचा वांटा अद्यापि शिल्लक आहे. जत्रेस किंवा पालखीस येतात तेव्हां त्यांची दृष्टि देवळापर्यंत जाते, नदीकांठच्या बांधापर्यंत सहसा जात नाहीं. वस्तुतः ज्या गांवांनीं देवळें उभीं केलीं आणि पुढें तीं सांभाळलीं, त्यांपैकीं अनेक गांवांचें अन्न ह्या बांधाच्या आंतून येत असे. सोळाव्या शतकांत कुठ्ठाळीहून मंगेश आणि लोटलीहून रामनाथ अंत्रुज महालांत आले. हे दोन्ही गांव जुवारीच्या खाऱ्या पाण्याशीं लागलेले. देव खाडी ओलांडून आले, शेतें मात्र तेथेंच राहिलीं.

गोव्याची शेतजमीन आपले लोक तीन प्रकारांनीं ओळखतात. डोंगरउतारावरील मोरड, मधल्या सपाटीवरील वाळूमिश्रित खेर, आणि खाड्यांच्या कांठचें खाजन. मोरडांत पावसावर एक पीक निघतें. खेरांत पाण्याची सोय असल्यास सरद आणि वायंगण अशीं दोन्ही निघतात. खाजन हें निराळेंच प्रकरण आहे. ही जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखालीं आहे. म्हणजे बांध नसेल तर महिन्यांतून दोन वेळां ती समुद्राची होईल. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा ह्यांच्या व इतर नद्यांच्या तीरांवर मिळून अशी सुमारें १८,००० हेक्टर जमीन माणसांनीं समुद्रापासून मागून घेतलेली आहे.

हें काम किती जुनें आहे ह्याचा पुरावा आमच्या अगदीं जवळचा आहे. ज्या बांदोड्यास नागेशी व महालक्ष्मी ह्यांचीं देवळें आहेत, तेथें मौर्य राजा अनिर्जितवर्मा ह्याचा ताम्रपट मिळाला. तो सहाव्या-सातव्या शतकांतला मानतात. त्यांत ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख असून, समुद्राच्या खाऱ्या पाण्यास बांध घालून ती लागवडीस आणण्याचा निर्देश आहे. शब्दही तोच आणि कामही तेंच! दान मिळालें तें तयार शेत नव्हे, तर शेत करण्याचा अधिकार होता, ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोगी वाटते.

आतां ही रचना कशी चालते तें पाहूं. नदीच्या बाजूस मातीचा मोठा बांध असतो. त्याच्या आंत, शेतांहून खोल अशी पाण्याची जागा राखलेली असते. तिला पोंय म्हणतात. पोंय आणि शेतें ह्यांच्यामध्यें लहानसा आंतला बांध. मोठ्या बांधांत जेथें पोंय नदीस मिळते तेथें चिऱ्यांच्या बांधकामांत लांकडी दारें बसविलेलीं असतात, तीच मानस. भरती चढूं लागली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें दार चौकटीवर घट्ट बसतें आणि खारें पाणी बाहेर राहतें. ओहोटीला नदीची पातळी आंतल्या पाण्याखालीं उतरली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें तेंच दार बाहेर उघडतें आणि पावसाचें सांठलेलें पाणी निघून जातें. येथें ना यंत्र, ना इंधन. चंद्र पाणी वर उचलतो व खालीं सोडतो, आणि त्याच्या त्या नित्यक्रमावर एक फळी बसवून आपल्या पूर्वजांनीं शेतें राखिलीं.

म्हणून ज्याला खाजन राखावयाचें आहे त्यानें पंचांग पाहावें. अमावास्या आणि पौर्णिमा ह्यांच्या सुमारास उधाण येतें. तेव्हां आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटींतील अंतर सुमारें दोन मीटर होतें. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. भरतीची वेळ दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. बांधाची तपासणी उधाणाच्या भरतीस करावी, कारण पाणी कोठें झिरपतें व कोठें माथ्याला लागतें तें त्याच वेळीं दिसतें; दुरुस्ती मात्र भांगांत, ओहोटीच्या वेळीं करावी. ही साधी गोष्ट नव्या कंत्राटदारांस सांगावी लागते, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

बांध फुटतो तो एका दिवसांत फुटल्यासारखा दिसतो, पण त्याची सुरुवात फार अगोदर झालेली असते. कुर्ल्या बांधांत बिळें करतात. बीळ प्रथम बोटाएवढें असतें. त्यांतून उधाणाचें पाणी ये-जा करूं लागलें कीं माती धुपून तें मनगटाएवढें होतें आणि मग एखाद्या रात्रीं दहा हात बांध वाहून जातो. जुने लोक म्हणूनच बांधावर पहारा ठेवीत आणि बीळ दिसतांच चिखलानें बुजवीत. चिखल, पेंढा आणि बांबू ह्यांचा बांध, त्यास बाहेरून चिऱ्यांचा थर, ही जुनी पद्धति आजही चांगली आहे. तिच्यांत दोष दिसतो आणि दोष तात्काळ दुरुस्त होतो. सिमेंटच्या भिंतीखालची माती धुपली तर तें वरून कळतच नाहीं, आणि भिंत कलते तेव्हां दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. आम्ही सिमेंटचे शत्रु नव्हे. मानशीच्या चौकटीला तें उपयोगी पडतें. परंतु मऊ चिखलावर जड भिंत उभी करणें हें शहाणपणाचें नाहीं. बांधाच्या बुडाशीं लागून माती खणूं नये, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

बांधाच्या बाहेरील पायथ्यास उगवणारी खारफुटी हा बांधाचा सोबती आहे. लाटेचा जोर तिच्या मुळांत मोडतो आणि गाळ तेथेंच बसतो. खनिजाच्या बार्जेस ज्या काळीं नदींतून अखंड चालत, म्हणजे २०१२ सालीं खाणी बंद होईपर्यंत, त्या काळीं त्यांच्या लाटांनीं उघडे बांध झिजले. जेथें खारफुटीची रांग होती तेथें झीज कमी झाली. तीच खारफुटी शेताच्या आंत उगवली तर मात्र तिचा अर्थ वेगळा. बांध फुटून खारें पाणी नित्य आंत येत आहे आणि शेत पुनः खाडी होत आहे, अशी ती खूण समजावी. एकदां झाडें मोठीं झालीं कीं तीं कायद्यानें संरक्षित होतात, आणि तीं तोडून शेत परत मिळविणें दुष्कर होतें. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेंत गोव्याच्या खाजनाजवळील खारफुटी आणि खुद्द खाजन जमीन, दोहोंच्याही रक्षणाचा आदेश आहे. दोहोंचा मेळ घालावयाचा तर बांध वेळेवर बुजवणें हा एकच मार्ग आहे. रोप गुडघ्याएवढें होण्याची वाट पाहाणाऱ्यानें नंतर कायद्यास दोष देऊं नये.

ह्या कामाची जबाबदारी कोणाची, हा सर्वांत अवघड प्रश्न. पूर्वीं ती गांवकरीची असे. पोर्तुगीज अमदानींत १५२६ सालीं अफोंस मेशिया ह्यानें ‘फोराल’ नांवाच्या दस्तऐवजांत ह्या गांवकऱ्यांच्या चालीरीति नोंदविल्या, आणि पुढें त्यांस कोमुनिदाद हें नांव पडलें. शेतें पावणीवर देणें, मानशीच्या मासळीचा लिलांव करणें, त्या उत्पन्नांतून बांध राखणें, उरलेल्यांतून गांवकऱ्यांस जण देणें, असा तो व्यवहार. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीनें कुळांस मालकी मिळाली. कसणाऱ्यास जमीन मिळावी हें न्याय्यच होतें. बांधांसाठीं १९७५ च्या नियमांनीं कुळांच्या संघटना निर्माण झाल्या आणि सामाईक जबाबदारी त्यांच्यावर आली. परंतु शेताचे तुकडे झाले, तरी बांध एकच राहिला. आणि सर्वांचा जो बांध तो कोणाचाच नाहीं, अशी स्थिति कित्येक गांवीं झाली. एकानें आपल्या वांट्याची दहा हात माती घातली नाहीं तर पाणी केवळ त्याच्याच शेतांत शिरत नाहीं.

त्यांत मासळीची भर पडली. पावसाळ्यानंतर पोंयींत खारें पाणी घेऊन कोळंबी व मासे वाढूं देणें आणि ओहोटीला मानशीवर जाळें लावणें, हा जुनाच व्यवहार आहे. पण पूर्वीं पाणी आंतल्या बांधापाशीं थांबे, कारण लिलांव करणाऱ्यांचेंच भात पलीकडे असे. आतां जेथें भात पिकत नाहीं तेथें लिलांव घेणाऱ्यास अधिक पाणी हवें असतें. दारें उघडीं राहतात आणि शेजारच्या कष्टाळू शेतकऱ्याची खाचरेंही खारट होतात. संघटनेच्या बैठकीस जे भागीदार वर्षानुवर्षें येत नाहींत, त्यांच्या गैरहजेरीमुळें असे ठराव सुखेनैव संमत होतात. आमचे मुंबईकर बंधु हें वाचतील म्हणून मुद्दाम लिहिलें.

खाजनास वरून येणाऱ्या पाण्याचाही विचार हवा. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. म्हणजे एका हेक्टरावर सुमारें तीन कोटी लिटर पाणी! तें सड्यावरील जांभ्या दगडांतून मुरतें आणि पायथ्याशीं झरीच्या रूपानें निघतें. त्याच झरीवर कुळागरें आणि देवळांच्या तळ्या चालतात. सडा ओसाड दिसतो म्हणून तो निरुपयोगी, असें समजून तो सपाट करून बांधकामाखालीं घातला तर तळी उन्हाळ्यांत आटते आणि पावसाचें पाणी माती घेऊन एकदम खालीं धांवतें. ही माती पोंयींत बसते. पोंय उथळ झाली कीं ओहोटीच्या सहा तासांत पाणी बाहेर पडत नाहीं आणि भात कुजतें. सातेरीच्या रूपानें वारुळाची, म्हणजे मातीचीच, पूजा करणाऱ्या आपल्या लोकांस मातीचें मोल निराळें सांगावयास नको होतें.

पाणथळ जागा म्हणजे वाया गेलेली जमीन, ही समजूतही सोडावी. कुडचड्याचें नंदा तळें २०२२ सालीं रामसर करारांतील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादींत गेलें. तो मान मिळालेली गोव्यांतील ती पहिली जागा. तेथें पक्षी येतात हें खरें, पण त्या तळ्यांत सांठविलेल्या पाण्यावर खालच्या बाजूस भात पिकतें, हें शेतकऱ्यानें अधिक ध्यानांत घ्यावें.

ज्यांचें खाजन आधींच खारें झालें आहे त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. आधीं बांध व मानस, मग शेत. हा क्रम उलटा करूं नये. नंतर उन्हाळ्यांत जमीन नांगरून ढेकळें उघडीं ठेवावीं. पहिल्या पावसाचें पाणी शेतांत सांठवून ओहोटीला सोडून द्यावें, आणि असें अनेक वेळां करावें. मीठ धुण्यास पावसाच्या पाण्याहून स्वस्त साधन नाहीं. मातीचा नमुना एकदां मे महिन्यांत आणि एकदां जुलैअखेर काढून प्रयोगशाळेंत द्यावा. एकाच शेताचे दोन आंकडे अगदीं भिन्न येतील, आणि पिकाच्या दृष्टीनें जुलैचा आंकडा महत्त्वाचा. विद्युत्वाहकता प्रतिमीटर चार डेसीसायमनांच्या वर असेल तर ती जमीन क्षारयुक्त धरतात. मातींत पिवळसर ठिपके दिसले किंवा चरांतील पाणी गंजासारखें तांबूस झालें, तर खालचा गंधकयुक्त चिखल हवेस लागून आंबट झाला आहे असें समजावें. अशा ठिकाणीं खोल खणणें थांबवावें आणि चुन्याचें प्रमाण तज्ज्ञांस विचारून घालावें.

बियाणें साधें घेऊं नये. कोरगुट हें आपलें जुनें खाजनांतील भात. उंच वाढतें, थोडें खारें पाणी व थोडें बुडणें दोन्ही सोसतें. त्याचें उत्पन्न कमी म्हणून पुष्कळांनीं तें सोडलें. जुने गोवें येथील केंद्रीय कृषि संशोधन संस्थेनें ह्या कोरगुटांतूनच निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे वाण दिले आहेत. पहिल्या वर्षीं सर्व शेतांत पेरण्याऐवजीं मानशीपासून दूरच्या, जरा उंच खाचरांत पेरून पाहावें. तेथें रोप तगलें तर पुढच्या पावसाळ्यांत खालच्या खाचरांकडे सरकावें. बांध धड राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत बहुतेक मीठ उतरतें, आणि मग भाद्रपदांत देवास वाहावयाचें नवें स्वतःच्या शेतांतून आणतां येतें.