जुन्या लॅपटॉपचा आवाज गेला? वरवंडहून निघण्याआधी हे करा

लॅपटॉप सुरू होतो, चित्र दिसतं, पण आवाज नाही. मुलांचा ऑनलाइन तास अडलाय आणि पुणे जिल्ह्यातल्या वरवंडमध्ये तुम्ही लॅपटॉप पिशवीत घालून हायवेला गाडीची वाट बघायला निघालाय. थांबा. आधी अर्धा तास घरात द्या. या अर्ध्या तासाचा खर्च शून्य आहे आणि दुकानदारापुढे काय बोलायचं ते त्यातच ठरतं. बिघाड नेमका कुठे आहे हे माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाला सगळ्यात महागडा बिघाड सांगितला जातो.

पहिली तपासणी इअरफोनची. मोबाइलवर नीट चालणारा, तारेचा इअरफोन लॅपटॉपला लावा आणि गाणं सुरू करा. इअरफोनमध्ये आवाज आला, पण तो काढल्यावर स्पीकर गप्प राहिला, तर साउंडची चिप शाबूत आहे. दोष स्पीकरचा, त्याच्या वायरचा किंवा जॅकचा, म्हणजे इअरफोनच्या भोकाचा. इअरफोनमध्येही काही आलं नाही, तर संशय आधी सेटिंग आणि ड्रायव्हर (साउंडची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्यावर घ्यायचा, बोर्डावर सगळ्यात शेवटी. ब्लूटूथ स्पीकर जोडून बघण्यात अर्थ नाही. तो साउंडच्या चिपला वळसा घालतो, त्यामुळे त्यावर आवाज आला तरी काहीच सिद्ध होत नाही.

आता सेटिंग. कीबोर्डवर आवाज बंद करणारं बटण असतं, बऱ्याच लॅपटॉपवर त्यावर बारीक दिवा असतो. तो पेटलाय का बघा. मग खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. तिथला बाण दाबला की आवाज कुठून बाहेर पडतोय त्याची यादी दिसते. कधीतरी टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडलेला असतो आणि यादीत अजून एचडीएमआयच निवडलेलं असतं. स्पीकर निवडा. आवाज येतो पण कॉल लागला की एकदम बारीक होतो, अशी तक्रार असेल तर तो बिघाडच नाही. विंडोज कॉल सुरू असताना बाकीचा आवाज ८० टक्के कमी करतं. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड, त्यात कम्युनिकेशन्स, तिथे ‘डू नथिंग’ निवडा.

एवढ्यानं झालं नाही तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा आणि यादीतून ‘विंडोज ऑडिओ’ रीस्टार्ट करा. तरीही नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, साउंडच्या गटात रिअलटेक किंवा हाय डेफिनिशन ऑडिओ असं नाव असेल त्यावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज आपला ड्रायव्हर पुन्हा बसवतं. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर त्याच ठिकाणी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ मिळतं. मूळ ड्रायव्हर हवा असेल तर लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग बघा आणि कंपनीच्या अधिकृत साइटवर टाका. तिथे ड्रायव्हर फुकट असतो. ड्रायव्हरसाठी एक रुपयाही द्यायचा नाही. ‘तुमचे १८ ड्रायव्हर जुने झालेत, पैसे भरा’ असं सांगणारं सॉफ्टवेअर काढून टाका.

इथेच एक धोका आहे. नेटवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधू नका. शोधल्यावर वर दिसणारे बरेच नंबर भामट्यांचे असतात. समोरचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, ‘पाच रुपये नोंदणी’ भरायला सांगतो आणि खातं रिकामं करतो. नंबर कंपनीच्या साइटवरून किंवा खरेदीच्या बिलावरूनच घ्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

दोष सॉफ्टवेअरचा की यंत्राचा, याचा निकाल लावणारी आणखी एक युक्ती आहे. डेलचा लॅपटॉप असेल तर सुरू करताना एफ-१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा. एचपी असेल तर आधी एस्केप, मग एफ-२. बऱ्याच मॉडेलमध्ये आवाजाची चाचणी तिथेच मिळते, विंडोजचा संबंध येत नाही. ही सोय नसेल तर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप चालवा. फाइल जवळपास ३ जीबीची आहे, तेवढा डेटा आणि दोन तास हाताशी ठेवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका. लिनक्सवर आवाज आला तर यंत्र ठीक, दोष विंडोजचा. मग ‘साउंड आयसी (म्हणजे साउंडची चिप) गेली’ असं कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही.

आता जॅकबद्दल जरा सविस्तर, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये फसवणूक आणि फुकटची दुरुस्ती दोन्ही इथेच होतात. जॅकच्या भोकात एक बारीक धातूची पट्टी असते. पिन आत गेली की पट्टी सरकते, लॅपटॉपला कळतं की इअरफोन लागला, आणि तो स्पीकर बंद करतो. हायवेची धूळ आणि खिशातला कापसाचा तंतू आत बसला की पट्टी पिन काढल्यावरही जागेवर येत नाही. लॅपटॉपला वाटतं इअरफोन अजून लागलेलाच आहे. माझ्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. दुकानात दोन मिनिटांत ‘साउंड आयसी, अडीच हजार’ असं सांगितलं गेलं. मी लॅपटॉप घरी आणला, बॅटरी काढली, जॅकवर टॉर्च मारली. आत करडा गोळा दिसत होता, मसूरपेक्षाही लहान. टूथपिकला कापसाचा अगदी पातळ थर गुंडाळून तो हळू फिरवत बाहेर काढला, मग इअरफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली. स्पीकर बोलायला लागला. पाणी, तेल, गंजाचा स्प्रे यातलं काही जॅकमध्ये घालू नका. सुई तर नकोच. पिनचा तुकडा तुटून आत राहिला असेल तर तो दुकानातच काढून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

आवाज येतो पण खरखरतो, किंवा एकाच बाजूनं येतो? इअरफोनवर स्वच्छ असेल तर बहुधा स्पीकरचा पडदा फाटलाय. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

आता पैशांचं. पुढचे आकडे साधारण अंदाज आहेत, मॉडेलप्रमाणे वरखाली होतात. स्पीकरची जोडी ३०० ते ९०० रुपये, बसवण्याची मजुरी ३०० ते ५००. जॅक बदलायचा असेल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: जॅक मेन बोर्डवर आहे की वेगळ्या छोट्या बोर्डवर? छोट्या बोर्डवर असेल तर तो बोर्डच बदलता येतो, सोल्डरिंग लागत नाही, ५०० ते १००० रुपयांत काम होतं. मेन बोर्डवर असेल तर डाग द्यावा लागतो, ४०० ते ८०० रुपये मजुरी आणि हात बसलेला कारागीर. साउंडची चिप बदलायला १५०० ते ३००० सांगतात. जुन्या लॅपटॉपसाठी हा खर्च करू नका. बोर्डवर उष्णता दिली की चालू असलेलं दुसरं काही बंद पडण्याची भीती असते, आणि त्यावर हमी क्वचितच कोणी देतं.

त्याऐवजी यूएसबी साउंड कार्ड घ्या. अंगठ्याएवढी वस्तू, १५० ते ४०० रुपये. यूएसबीत लावली की लॅपटॉपच्या आतली चिप, जॅक, स्पीकर यांच्याशी संबंधच उरत नाही, कारण ती स्वतःच साउंडची चिप आहे. वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. तिला इअरफोन लावा किंवा ४०० ते ७०० रुपयांचे यूएसबीवर चालणारे दोन छोटे स्पीकर. फार तर अकराशे रुपयांत आवाज परत मिळतो आणि लॅपटॉप उघडावा लागत नाही. घेताना माइकचं वेगळं भोक आहे का बघा, कॉलसाठी लागतं. ज्यांचा लॅपटॉप सात-आठ वर्षांचा आहे त्यांना माझा सल्ला हाच, आणि त्यात मला शंका नाही.

दुकानातच जायचं ठरलं तर वरवंडहून पर्याय दोन: केडगाव, चौफुला, पाटस, दौंड हा जवळचा पट्टा किंवा पुणे. सॉफ्टवेअर, जॅकची सफाई, स्पीकर बदलणं यासाठी जवळचंच दुकान बरं, कारण हमीत पुन्हा बिघडलं तर परत जाता येतं. सुटा भाग इथे मिळत नसेल तरच पुणे. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. रविवार टाळा. जाण्याआधी मॉडेल नंबर, जुन्या स्पीकरवरचा पार्ट नंबर आणि कनेक्टरचा फोटो दुकानदाराला पाठवा, भाग हातात आहे असं तो म्हणाला की मगच निघा. सुमारे साठ किलोमीटर जाऊन ‘उद्या मागवतो’ ऐकावं लागलं तर भाडं आणि बुडालेला दिवस मिळून दुरुस्तीपेक्षा महाग पडतं. रेल्वेनं कडेठाण किंवा केडगावहून पुणे–दौंड मार्गावरची गाडी मिळते. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. वयाचं ओळखपत्र सोबत असू द्या.

सोबत काय न्यायचं? चार्जर, तारेचा इअरफोन, खरेदीचं बिल असेल तर त्याची प्रत. काय न्यायचं नाही? पासवर्ड लिहिलेला कागद. दुकानासाठी वेगळं खातं तयार करा आणि तेवढंच द्या. बँकेची कागदपत्रं, उतारे, फोटो आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवा. दुकानात ‘डेटा बॅकअप’चे ३०० ते ५०० वेगळे लागतात.

छुपे आकार असे असतात. तपासणी फी १०० ते ३०० रुपये: दुरुस्ती केली तर ती बिलातून वजा होणार का, हे लॅपटॉप टेबलावर ठेवण्याआधी विचारा. ‘उघडलाच आहे तर सर्व्हिसिंग करून टाकू’: नको म्हणा, पंखा आवाज करत नसेल तर नकोच. ‘फॉरमॅट मारावा लागेल’: ३०० ते ६०० रुपये, वर ‘विंडोजची की’ म्हणून आणखी पैसे. विंडोज ८ किंवा १० सोबत आलेल्या ब्रँडेड लॅपटॉपची की बोर्डमध्येच साठवलेली असते, तीच आवृत्ती पुन्हा टाकायला नवी विकत घ्यावी लागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ‘११ टाकल्याशिवाय आवाज येणार नाही’ असंही सांगितलं जाईल. ते खोटं आहे. सपोर्ट संपला की सुरक्षेचे अपडेट थांबतात, आवाज थांबत नाही. आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही.

लॅपटॉप दुकानात ठेवायचा असेल तर जॉबशीट घ्या. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, तक्रार, अंदाजे खर्च, तारीख आणि ‘विचारल्याशिवाय याहून जास्त खर्च करू नये’ हे वाक्य असावं. सिरियल नंबरचा आणि चारही बाजूंचा फोटो त्यांच्यासमोर काढा. जुना भाग परत मागा. जुना स्पीकर हातात मिळाला नाही तर तो खरंच बदलला का, हे तुम्हाला कळणार नाही. स्पीकरचं काम भाग हाताशी असेल तर तासाभराचं, नसेल तर तीन-चार दिवसांचं.

घेताना घाई करू नका. दुकानातच पाच मिनिटं पूर्ण आवाजात गाणं वाजवा, आधी डावी बाजू, मग उजवी. माइकवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. वायफाय जोडून बघा, कारण उघडताना अँटेनाची तार निघते आणि बसवायची राहून जाते. कीबोर्डची सगळी बटणं दाबा. लॅपटॉप उलटा करून स्क्रू मोजा. नेताना अकरा होते आणि आता नऊ असतील, तर तिथेच बसवून घ्या.

शेवटी पावती. दुकान जीएसटी नोंदणीकृत असेल तर दुरुस्तीवर सहसा १८ टक्के कर लागतो, सांगितलेला भाव करासह की करावेगळा हे आधी विचारा. नोंदणी नसलेला दुकानदार जीएसटी लावू शकत नाही, बिलावर नोंदणी क्रमांक नसेल तर कराचे पैसे देऊ नका. पावतीवर कोणता भाग, किती दिवसांची हमी, हे लिहून घ्या. फसवलं गेलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दुकान कुठल्याही गावात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पावती तोपर्यंत जपून ठेवा.